पहिला प्रतिसाद : आरमोरीहून पाहिलेला मराठी संकेतस्थळांचा इतिहास

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात, मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि चौकात दंडार नाही तर खडी गंमत उभी राहते. या गावची मंडळी त्या गावच्या मंडईत जाऊन आपले काही दाखवतात, त्यांचे पाहून येतात. कोणी तिकीट काढत नाही आणि कोणी प्रवेशअर्ज भरत नाही.

तरीही मंडईत नवख्या माणसाला शिरकाव कसा मिळतो, याची एक रीत आहे. पहिल्या वर्षी पोरगा कडेला उभा राहून नुसता पाहतो. दुसऱ्या वर्षी कोणीतरी जाणता त्याच्या हातात टाळ देतो. पुढे तो झिलकऱ्यांत मिसळतो, मागून ओळ धरतो. त्याचा सूर चुकला तर शेजारचा आपला आवाज थोडा वाढवतो आणि त्याला सुरावर आणतो. चारचौघांत त्याला कोणी थांबवत नाही. आरमोरीच्या आसपासच्या दंडारींत हे मी अनेकदा पाहिले आहे आणि फार काळ त्याकडे लक्षच दिले नव्हते.

लक्ष गेले ते अगदी वेगळ्या वाटेने. गेली काही वर्षे मी मराठी माणसांनी संगणकावर आणि फोनवर उभारलेल्या मंडयांचा इतिहास जुळवतो आहे. जिथे कोणीही खाते उघडावे, आपले लेखन, छायाचित्र, गाणे वा चित्रफीत ठेवावी आणि इतरांचे पाहावे, अशी ही स्थळे. या इतिहासाबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा संस्थापकांच्या आणि जुन्या सदस्यांच्या बाजूने. मला तो नवख्याच्या बाजूने पाहायचा होता, तोही आरमोरीतून येणाऱ्या नवख्याच्या. तसे पाहिले तेव्हा त्याच्या वाटेत एकामागून एक चार दारे दिसली : तारेचे, लिपीचे, बोलीचे आणि मोजणीचे. पहिली दोन काळाने उघडली. उरलेल्या दोघांचे तसे नाही.

तारेचे दार

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही आधी मोठ्या महानगरांत. त्याच्याही आधी परदेशी विद्यापीठांत आणि कंपन्यांत असलेली मराठी माणसे ‘यूजनेट’ या जाळ्यावर एकमेकांना लिहीत होती. तिथे ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा एक गट होता. मराठी, पण रोमन अक्षरांत. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास केलेली ‘आयट्रान्स’ ही पद्धत अशा लेखनाला नेमकेपणा देत होती; कोणत्या रोमन अक्षरजोडीतून कोणते देवनागरी अक्षर काढायचे, हे तिने ठरवून दिले.

नवख्यांविषयीची तक्रारही त्याच जाळ्यावर जन्मली. अमेरिकेतली विद्यापीठे सप्टेंबरात सुरू होत, नव्या विद्यार्थ्यांना खाती मिळत आणि महिनाभर जुन्या मंडळींना त्यांच्या अडाणी प्रश्नांचा वैताग येई. मग नवे लोक रीतभात शिकत आणि गट पुन्हा शांत होई. १९९३-९४ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ सारख्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना या जाळ्यात आणून सोडले. नवे लोक येण्याचे थांबेचना. तेव्हा १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, अशी थट्टा रूढ झाली. ‘न संपणारा सप्टेंबर’ हा शब्दप्रयोग आजही टिकून आहे. या थट्टेत बोलणारा जुना आहे आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो नवखा. नवख्याला तो सप्टेंबर कसा वाटला, हे कोणी लिहून ठेवले नाही.

१९९६ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे १६ सप्टेंबरला, अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू झाली. मराठी माणसांनी मराठीसाठी उभारलेल्या आणि आजही चालू असलेल्या स्थळांत ती सर्वांत जुन्यांपैकी. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या माणसांनी आपली मंडई भरवली, यात आश्चर्य नाही. मंडईची गरज ओढ लागलेल्या माणसालाच जास्त. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. या जगाच्या रीती कोणी ठरवल्या? ज्यांच्या टेबलावर संगणक होता, ज्यांचे इंग्रजी शिक्षण झाले होते आणि ज्यांची घरची मराठी बहुतांशी प्रमाण मराठीच्या जवळची होती, त्यांनी.

त्या वेळी आरमोरी कुठे होती? गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. मायबोली सुरू झाली तेव्हा आमचा जिल्हा चौदा वर्षांचा होता. सबंध जिल्ह्यात आगगाडीचे स्थानक एकच, शेजारचे वडसा. आरमोरीची बाहेरच्या जगातली ओळख कोशाच्या कापडाची. ऐनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबांनी राखलेला टसराचा कोश आणि कोष्ट्यांच्या मागावर विणलेले लुगडे दूरवर जात होते. परगावी फोन करायचा तर एसटीडी बूथसमोर रांग होती. संगणक सरकारी कचेऱ्यांतही नवलाईचा होता. मराठी संकेतस्थळांवर पहिल्या पिढीचे नियम, विनोद आणि टोपणनावे रुजली, तेव्हा आमच्यापैकी त्या चौकात कोणी असणे जवळजवळ अशक्यच होते.

लिपीचे दार

तार आली ती हळूहळू, सायबर कॅफेच्या रूपाने. ताशी पैसे मोजून बसायचे. पण बसल्यावर पडद्यावर मराठी दिसेलच असे नव्हते.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून, होती. भारतीय लिप्यांसाठी केलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीचा तिला आधार होता. पण कागदावरचे प्रमाण घराघरांतल्या यंत्रात उतरायला दहा वर्षे गेली. ‘विंडोज २०००’ मध्ये रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक आला, तेव्हा कुठे सामान्य संगणकाला देवनागरी वाचता येऊ लागली. तोवर प्रत्येक स्थळाचा टंक वेगळा. तो आधी उतरवून घ्यायचा, नाही तर पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसायची. ‘विंडोज एक्सपी’वरही भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी लागे. कॅफेवाल्याकडे ती असायची नाही. असली तरी तासाभराच्या गिऱ्हाइकासाठी तो कशाला शोधत बसेल?

आणि मराठी दिसली, तरी उमटवायची कशी? हा सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत चमत्कारिक वाटलेला भाग आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत टंकलेखन शिकवणाऱ्या संस्था होत्या. सरकारी नोकरीसाठी मराठी टंकलेखनाची परीक्षा देणारी मुले-मुली तिथे रेमिंग्टनच्या कळफलकावर बोटे झिजवत. मराठी टंकलेखन ज्यांना खरोखर येत होते, ते हे लोक. पण संकेतस्थळांनी दिलेली सोय उच्चारावर चालणारी होती : रोमन ‘के’ दाबला की ‘क’. इंग्रजीत वावरणाऱ्याला ती पाच मिनिटांत जमे. रेमिंग्टनवर मिनिटाला तीस शब्द काढणारी मुलगी मात्र तिथे अक्षर शोधत बसे. मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी अक्षरांत विचार करावा लागावा, अशी ती व्यवस्था होती. कोणी मुद्दाम केली नव्हती. ज्यांनी उभारली त्यांच्या बोटांना जे सोपे, तेच त्यांनी केले.

दार उघडले हेही खरे. १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’ आले, २००७ मध्ये ‘मिसळपाव’. युनिकोडमुळे टंक उतरवण्याची कटकट संपली. या स्थळांनी आपली भाषाही घडवली : लेखनाचा ‘धागा’, खालचा ‘प्रतिसाद’, नुसता वाचणारा तो ‘वाचनमात्र’. विकिपीडियाने तर नवख्यासाठी सुंदर नाव शोधले. चुका करायला, लिहून पुसायला जी मोकळी जागा असते, तिला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. आणि सगळ्यांनी बसून बोलायची जागा ती ‘चावडी’. या शब्दांत खेडे होते. खेड्यातला माणूस अजून यायचा होता.

बोलीचे दार

मी आलो तो २००८ मध्ये. कॅफेत बसून एका संकेतस्थळावर खाते उघडले आणि दंडारीवर चार परिच्छेद लिहिले. सबंध एक दुपार गेली. लेखात आमच्याकडच्या माणसांचे संवाद होते आणि ते मी ऐकले तसे लिहिले होते.

झाडीबोली ही मराठीचीच एक बोली. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास आणि तिच्या साहित्याची चळवळ यांसाठी आयुष्य वेचले, म्हणून तिची वैशिष्ट्ये आज शास्त्रशुद्ध रीतीने सांगता येतात. ऐकणाऱ्याला पटकन जाणवते ते एवढेच : तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. पाण्याचे पानी, माणसाचे मानूस. डोळ्याचा डोरा. हे चुकीचे उच्चार नव्हेत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर लाखो माणसांच्या तोंडी असलेली, नेमाने चालणारी ही ध्वनिव्यवस्था आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे मोजून पाहायला गेलो. एकच प्रतिसाद होता. त्यात दंडारीविषयी काही नव्हते. पाणी, माणूस, डोळा हे शब्द दुरुस्त करून दिले होते आणि लिहिण्यापूर्वी शुद्धलेखन तपासावे असे सुचवले होते. सूर वाईट नव्हता. लिहिणाऱ्याला आपण मदत करतो आहोत असेच वाटले असणार. मी मात्र पुढची दोन वर्षे तिथे काही लिहिले नाही.

हे माझे एकट्याचे हळवेपण होते का? पुढे वाचन वाढले तसे कळले की नवख्याच्या या पहिल्या क्षणाचा रीतसर अभ्यास झालेला आहे. एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये सहा यूजनेट गटांतल्या २,७७७ नवागतांचे पहिले लेखन तपासले. त्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना कोणाचे तरी उत्तर मिळाले होते. ज्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांनी पुन्हा लिहिण्याची शक्यता ४४ टक्के. ज्यांना मिळाले, त्यांची ५६ टक्के. आणखी दोन गोष्टी त्यांना दिसल्या. ज्याने प्रश्न विचारला किंवा जरा सविस्तर लिहिले, त्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि उत्तराचा सूर कसा होता, त्यातून प्रश्न सुटला की नाही, याने पुढच्या सहभागात फारसा फरक पडला नाही. कोणीतरी हाक दिली, एवढेच पुरेसे ठरले.

या शेवटच्या निष्कर्षाशी मी बराच काळ झगडलो. मला तर हाक मिळाली होती, मग मी का थांबलो? आज मला वाटते ते असे : त्या गटांतल्या नवख्याला निदान आपण बोललो ते ऐकले गेले, एवढे तरी कळत होते. मला आलेले उत्तर माझ्या सांगण्याला नव्हतेच. ते माझ्या तोंडाला होते.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, जेकब नील्सन यांनी एक ढोबळ प्रमाण मांडले. अशा स्थळांवर शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा असतो. हे प्रमाण स्थळागणिक बदलेल, पण ज्याने मंडई पाहिली आहे त्याला ते ओळखीचे वाटेल. कडेला उभे राहणारे जास्तच असतात. प्रश्न एवढाच, की कडेच्याला आत घेणारे कोणी आहे का? इंग्रजी विकिपीडियाच्या बाबतीत अॅरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की २००७ नंतर तिथले सक्रिय संपादक घटत गेले. त्याचे मोठे कारण म्हणजे सद्‌हेतूने आलेल्या नवख्यांचे लेखन वाढत्या प्रमाणात उलटवले जात होते. खोडसाळपणा रोखण्यासाठी केलेले कडक नियम आणि अर्धस्वयंचलित अवजारे यांनी प्रामाणिक माणसालाही दारातून परत पाठवले.

इथे आपल्या दिवाळी अंकांची आठवण होणे साहजिक आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. तेव्हापासून मराठीतल्या नव्या लेखकाची वाट संपादकाच्या टेबलावरून जाते. ‘साभार परत’ची चिठ्ठी ज्याने घेतली नाही असा लेखक विरळा. पण ती चिठ्ठी बंद पाकिटात यायची. नापसंती दोघांत राहायची आणि एखादा संपादक दोन ओळी जास्त लिहून नव्याला धीरही द्यायचा. संकेतस्थळाने संपादक काढून टाकला, ‘साभार परत’ संपवले, कोणाचेही लेखन क्षणात छापले जाऊ लागले. ही क्रांतीच होती. मात्र पाकीटही गेले. आता जे काही सांगायचे ते चौकात.

आमच्या नाटकांत याच्या उलट रीत आहे. हिवाळ्यात वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव नाटके करतात. एकेक नट हंगामात कितीतरी वेगवेगळी नाटके उभी करतो. सगळी पाठ होणे शक्य नसते. म्हणून प्रॉम्प्टर लागतो. नट अडला की प्रॉम्प्टर दबक्या आवाजात शब्द पुरवतो. प्रेक्षकांना तो ऐकू येऊ नये, हीच त्याची कसोटी. नवा नट उभा राहतो तो त्याच्या भरवशावर. २०२३ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली ते गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे हेही याच रंगभूमीवर घडले.

मोजणीचे दार

सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ सुरू झाले आणि स्वस्त डेटा गावात आला. कॅफे ओस पडले. त्याच्या आसपास लिपीचा प्रश्नही मागे पडला, कारण लिहिण्याची गरजच कमी झाली. फोन समोर धरायचा आणि बोलायचे. २३ एप्रिल २००५ ला ‘यूट्यूब’वर पहिली चित्रफीत चढली होती, एका संस्थापकाने प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून बोललेली, विसेक सेकंदांची. त्यात कला नव्हती, तयारी नव्हती. कोणीही सुरुवात करावी, एवढाच तिचा अर्थ. तो अर्थ आमच्या गावापर्यंत पोहोचायला अकरा-बारा वर्षे लागली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शेअरचॅट’ने इंग्रजी बाजूलाच ठेवले आणि मराठीसह भारतीय भाषांतच दुकान मांडले.

आणि मग झाडीबोली आली. नाटकातले प्रवेश, दंडारीतली गाणी, लग्नातली गाणी, शेताच्या धुऱ्यावर उभ्या पोराने केलेल्या नकला. तोंडाला कळफलक लागत नाही आणि बोलण्याखाली लाल रेघ उमटत नाही. वीस वर्षे लेखी मराठीच्या दारात जी बोली थांबली होती, ती आवाजाच्या दाराने सरळ आत शिरली. मराठी संकेतस्थळांच्या इतिहासात मी याला सर्वांत मोठी घटना मानतो.

पण या चौकात नवी मोजणी होती. २०१८ च्या जानेवारीत यूट्यूबने जाहिरातीच्या उत्पन्नाची अट बदलली. आधी एकूण दहा हजार वेळा पाहिले गेले की पुरत असे. आता हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे. चार हजार तास म्हणजे किती? दहा मिनिटांची चित्रफीत चोवीस हजार वेळा शेवटपर्यंत पाहिली गेली पाहिजे. उलट बाजूने पाहा : पाच तासांचे नाटक आठशे माणसांनी बसून पाहिले, की एका रात्रीत चार हजार तास भरतात. झाडीपट्टीच्या मंडपात असा प्रेक्षक काही अपूर्वाईचा नाही. मंडळी जी मोजणी एका रात्रीत सहज करत होती, तीच फोनवरच्या नवख्याला वर्षभर पुरवून पुरत नाही. कारण मंडपात माणूस बसतो आणि फोनवर तो सरकतो.

अट पुरी करायची तर काय चालते ते पाहावे लागते. आमच्या बोलीतले काय चालते? विनोद. मी पाहिलेल्या बहुतेक झाडीपट्टी नाटकांत नायक प्रमाण मराठी बोलतो आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. ती वाटणी फोनवर आणखी घट्ट झाली. बोलीला आत घेतले, पण विदूषकाच्या जागेवर. दंडारीत तसे नव्हते. तिथे राजाही ‘पानी’ मागतो आणि कोणी हसत नाही.

शिवाय हा चौक आपला नाही, हेही लवकरच कळले. २९ जून २०२० ला सरकारने ‘टिकटॉक’सह एकोणसाठ अॅप बंद केली. सुरक्षेची कारणे त्यामागे होती आणि त्यांची चर्चा इथे करायची नाही. पण ज्यांनी वर्ष-दोन वर्षे खपून तिथे ओळख कमावली होती, ते एका रात्रीत पुन्हा नवखे झाले. महिन्याच्या आत दुसरी अॅप आली, ‘रील’ आले, आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. जुन्या सदस्यांनाही नवखेपण पुन्हा भोगावे लागते, हे या माध्यमाने पहिल्यांदाच इतक्या रोखठोक दाखवले.

हातात टाळ

त्याच करोनाच्या हंगामात नाटके थांबली होती, मंडया भरल्या नव्हत्या. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयीन मुलीने आपल्या आजोबांकडून दंडारीतली गाणी म्हणवून घेतली आणि यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली. ना संगीत, ना सजावट. ओसरी, आजोबा आणि मागे कोंबड्यांचा आवाज. आठवडाभर पाहणारे बारा-पंधरा, तेही घरचेच. ती मला विचारायला आली, शीर्षक शुद्ध मराठीत देऊ का, म्हणजे जास्त लोक येतील?

मी उत्तर देणार होतो, पण मला दुसरेच काही आठवले आणि ते इथे सांगितले पाहिजे.

२०१० नंतर मी त्या संकेतस्थळावर परत गेलो होतो. शुद्ध लिहायला शिकलो, जुनी मंडळी ओळखू लागली, माझ्या प्रतिसादांना मान मिळू लागला. दोन-तीन वर्षांनी एक नवा सदस्य आला. भंडाऱ्याकडचा असावा, भाषेवरून कळत होते. त्याने धानाच्या रोवणीवर लिहिले होते, चांगले लिहिले होते. त्यात ‘पानी’ होते, ‘मानूस’ होता. आणि मी, आरमोरीच्या माणसाने, त्याला ते शब्द दुरुस्त करून दिले. लेखाबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्या नावाने पुन्हा काही आले नाही. मी मदत करतो आहे, असेच मला वाटले होते.

दार बाहेरच्यांनीच लावलेले असते असे नाही. आत गेलेला आपला माणूसही कडी लावतो. बहुधा जास्त घट्ट, कारण आपण कुठून आलो ते त्याला झाकायचे असते.

मुलीला म्हटले, शीर्षक आजोबा म्हणतात तसेच ठेव. आणि खाली एक प्रश्न लिही : या गाण्यातला अमुक शब्द तुमच्या गावात कोणत्या अर्थाने वापरतात? हा सल्ला मी जॉइस-क्राउट यांच्याकडून घेतला होता. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. दुसरे सांगितले ते मंडईतून घेतले होते : रोज दोन नव्या लोकांचे पाहा आणि त्यांनी काय केले याबद्दल एक ओळ लिही. कसे चुकले ते सांगायचे तर वेगळे कळव, खाली सर्वांसमोर नको.

चार दिवसांनी एक प्रतिसाद आला. पुण्यात नोकरीला असलेल्या कोणाचा. त्याने शब्दाचा अर्थ सांगितला, आपल्या आजीच्या तोंडची आणखी एक ओळ लिहिली आणि शेवटी म्हटले की बारा वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता. शब्द त्याने बोलीतच लिहिला होता, ‘ळ’च्या जागी ‘र’ घालून. मुलीने फोन आजोबांसमोर धरला. त्यांनी ओळ वाचून घेतली, थोडे थांबले आणि म्हणाले, ‘‘याले पुढचं कडवं येत नसन. लाव तो फोन, मी म्हनतो.’’

हजार वर्गणीदार तिला अजून झालेले नाहीत. गाणी मात्र चाळीसच्या वर गेली आहेत. त्यांच्याखाली वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची आणि तीर सोडून गेलेली माणसे एकमेकांचे शब्द पुरवत असतात. मीही आता तिथे लिहितो. कोणी नवखा आला की आधी त्याच्या गाण्याबद्दल लिहितो. शब्द जसा आला तसा राहू देतो.